पंख्यातला च

१

पहिल्याच तासाला मी विद्यार्थ्यांना बजावते: ध्वनी कानाने ओळखता येत नाही, तो तोंडाने ओळखावा लागतो. अनोळखी आवाज ऐकला की तो आधी आपल्या तोंडात घडवून पाहायचा. जीभ कुठे टेकली, हवा कुठून निसटली, कंठ थरथरला की नाही, हे तपासायचे. तोंडाला पटले तरच कानावर विश्वास ठेवायचा. ध्वनिशास्त्र शिकवण्याची माझी पद्धत हीच आहे, आणि आईच्या खाटेशी बसल्यावरही ती बदलण्याचे मला काही कारण दिसले नाही.

आई घरीच कपडे शिवायची. शिवणाची खोली घरातली सर्वांत उजेडाची. अर्धांगाचा झटका येऊन ती दवाखान्यातून परतली तेव्हा मशीन भिंतीला सरकवून आम्ही तिची खाट तिथेच मांडली. उजवा हात गेला होता, उजवीकडचा ओठ किंचित ओघळला होता आणि वाचा पूर्ण गेली होती. उरला होता एकच स्वर: आ. पाणी हवे तरी आ, कूस बदलायची तरी आ, संताप आला तरी आ. मापे घेता घेता जी गिऱ्हाइकाच्या पोटाचा, नवऱ्याचा आणि सासूचा एका दमात समाचार घेई, तिच्याजवळ आता एवढेच भांडवल होते. समजत मात्र तिला सगळे होते. ते डोळ्यांत दिसे, आणि म्हणूनच पाहवत नसे.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "सुरुवातीचे महिने हातचे घालवू नका," त्या म्हणाल्या. "या काळात व्यंजनं परत आली तर आई बोलतील. नाही आली, तर पुढे फारसं काही होत नाही."

म्हणून महाविद्यालयातून परतले की दुपारभर मी तिच्यासमोर बसून एकेक व्यंजन उच्चारत असे. ती माझ्या तोंडाकडे पाही, प्रयत्न करी, आ म्हणे, आणि भिंतीकडे तोंड फिरवी. जेवणही तिने जवळजवळ सोडले होते.

त्यातच पंखा वाजू लागला.

२

"आवाज येणारच की, बाई," वायरमन खाली उभा राहून वर बघत म्हणाला. "पंखा आहे, वारा घालतोय. मुका पंखा कुणी बनवलाय का?"

"कालपर्यंत येत नव्हता."

"कालपर्यंत माझेही गुडघे दुखत नव्हते. नवा बसवून टाका."

नवा बसवायचा म्हणजे दिवसभर खोली पसरणार, आईला हलवावे लागणार. शिवाय कारण न शोधता वस्तू बदलणे ही माझ्या मते शुद्ध शरणागती. मी त्याला चहा पाजून वाटेला लावले, खुर्ची पंख्याखाली ओढली, डोळे मिटले आणि ऐकू लागले.

तो एक आवाज नव्हताच. नीट उलगडला तर पाच आवाज एकमेकांत विणलेले होते. दांड्यावरची वाटी खाली घसरून मोटारीला घासत होती, त्याचा लांबट श्श. एका पात्याचा स्क्रू सैल होता, त्याचा दर फेरीला एक ट. वर हुकाशी रबर झिजले होते आणि पंखा झुलला की तिथून येई एक ओलसर, टाळूला चिकटून सुटणारा च. बेअरिंगची कोरडी र्र्र. आणि या सगळ्यांच्या तळाशी, मोटारीतल्या तारेच्या गुंडाळ्यांतून येणारी अखंड घुमघुम, बंद ओठांमागून कुणी म्म म्हणत राहावे तशी.

मी उत्साहाने एकेक आवाज तोंडात घडवून पाहू लागले. श जमला, ट जमला. च साठी जीभ थोडी मागे, टाळूला टेकवावी लागली.

दारात मावशी उभी होती. आई आजारी पडल्यापासून ती आमच्याकडेच राहायला आली होती. "काय चाललंय, प्राध्यापकीणबाई? पंख्याला वाकुल्या दाखवताय?"

"निदान करतेय, मावशी."

"कर बाई. पण हळू कर, ताईला वाटेल आता लेकीचीही वाचा गेली."

खाटेवरून आई मात्र हसली नाही. ती पंख्याकडे पाहत होती, तोंड किंचित उघडे ठेवून.

३

दोष दूर करताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम. पहिल्या दिवशी मी मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढले आणि वाटी वर सरकवून तिचा स्क्रू आवळला. खाली उतरून पंखा लावला. श नाहीसा झाला होता. बाकीचे चार आवाज जसेच्या तसे.

दुसऱ्या दिवशी मी अंगणाची पायरी चढते न चढते तोच मावशी धावत आली. "ताईनं मला गप्प केलं! सकाळी मी भांडी आपटत होते तर म्हणाली, श्श! स्पष्ट! मी भांडं हातात धरून उभीच राहिले."

मी आत गेले. आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हटले, "श्श."

तो निर्दोष होता. जीभ योग्य जागी, हवेची धार बारीक, सरळ. इतक्या आठवड्यांत तिच्या तोंडून आलेले हे पहिले व्यंजन. मी तिचा डावा हात घट्ट धरला, आणि मला हसू आवरेना.

मनात शंका आली नाही असे नाही. ती मी लगेच निकालात काढली. गोंगाट थोडा कमी झाला, त्यामुळे तिला माझे उच्चार थोडे नीट ऐकू आले, एवढेच. जे तर्काने सुटते त्यात अधिक शोधू नये.

त्याच दुपारी मी पात्याचा स्क्रू आवळला. ट थांबला.

उजाडल्यावर आई "टा" म्हणाली.

४

योगायोग एकदा होतो. दुसऱ्यांदा झाला तर त्याची परीक्षा घ्यायची असते, आणि परीक्षा म्हणजे भाकीत. मी मावशीला स्वयंपाकघरात गाठले.

"आज रबर बदलून घेते. उद्या आई च म्हणेल."

"ज्योतिष कधीपासून शिकवायला लागलात तुमच्या त्या कॉलेजात?"

"थट्टा नाही. तू साक्षीदार आहेस. च. दुसरं काही नाही."

मावशीने पोळपाटावर लाटणे ठेवले आणि माझ्याकडे नीट पाहिले. "अगं, पण पंख्याचा नि तिचा काय संबंध?"

"गोंगाट कमी होतो. कानाला आराम मिळतो."

"मग सगळीच अक्षरं यायला हवीत की. एकच का?"

मावशी शाळेत फार शिकलेली नव्हती. पण प्रश्न बरोबर होता, आणि तो मला रात्रभर सुचला नव्हता असे मी म्हणणार नाही. खरे सांगायचे तर उत्तर नसल्याचाच मला आनंद होत होता. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टी मी शिकवत आले. आता माझ्याच घरात, माझ्याच आईच्या तोंडात, कुणी न पाहिलेले काहीतरी घडत होते.

वायरमनने कुरकुरत हुकाचे रबर बदलले. च गेला.

सकाळी मी आईची उशी सरळ करत होते. तिने डाव्या हाताची चार बोटे वर केली आणि त्यांच्याकडे पाहत, एखादे लहान मूल आकडे मोजायला शिकते तशी म्हणाली, "चार."

तो शब्द होता. अख्खा, अर्थासकट! र अजून पंख्यात होता, म्हणून शेवटी नुसती एक अस्पष्ट घरघर ऐकू आली, पण शब्द होता. मावशी मटकन खाली बसून रडू लागली. मी खोलीत थांबूच शकले नाही. गच्चीचा जिना धावत चढले, वर उन्हात उभी राहिले आणि मोठमोठ्याने "चार, चार" म्हणत राहिले. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईने मान वळवून पाहिले, आणि तिला वाटले असेल ते वाटो.

५

बेअरिंग बदलले, वंगण घातले. र आईकडे आला, आणि शेवटचे अर्धेमुर्धे व्यंजन पूर्ण झाले. मग उरली फक्त घुमघुम. त्यासाठी वायरमनने कंडेन्सर बदलला, आतले ढिले वेटोळे बांधून घेतले आणि पंखा पुन्हा टांगला.

या शेवटच्या दुरुस्तीकडून मला फार मोठी अपेक्षा होती, आणि तिला शास्त्रीय आधार होता. घुमघुम म्हणजे घोष, कंठाची थरथर. च मध्ये घोष मिसळला की ज होतो, ट मध्ये मिसळला की ड. म्हणजे एका दुरुस्तीत म तर मिळणारच, पण ज आणि डही मिळायला हवेत, शिवाय घोषावरच चालणारे बाकीचे स्वर आणि स्वरासारखा य. मी मावशीला तसे आधीच सांगून ठेवले. तिने हात जोडले, मला की पंख्याला ते कळले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दार उघडले आणि आतून हाक आली.

"ज्याडे!"

मी उंबऱ्यावरच थबकले. लहानपणापासून मी काडीसारखी. म्हणून आई मला जाडे म्हणे. बाहेरच्या कुणाला हे नाव ठाऊक नाही. तिच्याखेरीज कुणी ते कधी वापरलेही नाही. म्हणजे आत आईच होती. पूर्ण, शाबूत, थट्टेखोर. मी तिच्या कुशीत डोके खुपसले, आणि तिने डाव्या हाताने माझे केस विस्कटले.

"ज्याडे," ती म्हणाली. "ये. मज्या. आराम."

मावशी आत डोकावली. तिला पाहताच आई म्हणाली, "मिरची!" लहानपणी बहिणी भांडल्या की आई मावशीला हेच म्हणत असे. मावशी रडता रडता हसू लागली. "बघ, बघ! बोलायला लागली नाही तोच सुरू झाली! अगं, जरा चांगलं बोल माझ्याशी!"

"च्या…" आई म्हणाली आणि अडली. मग खुर्चीवरच्या औषधाच्या चमच्याकडे पाहून म्हणाली, "च्यमच्या."

आनंदाच्या भरात मी तो उच्चार जाऊ दिला. पण कानाला तो टोचला, आणि संध्याकाळी भाजी निवडताना पुन्हा टोचला.

६

मराठीत च एका अक्षराने लिहितात आणि दोन जागी उच्चारतात. चार, चिमटा, चेहरा यांतला च टाळूचा. चमचा, चांगले, चूक यांतला दातांमागचा, त्सच्या अंगाचा. ज चेही तसेच. जाडे मधला ज दाताचा. हा फरक लिहून दाखवता येत नाही, शिकवताही येत नाही. तो आईच्या दुधाबरोबर येतो. माझी आई तर त्याबाबत इतकी काटेकोर, की कुणी "च्यांगलं" म्हटले तर माप घेता घेता फीत खाली टाकून विचारी, "कुठून आलात?"

आता तिच्याजवळ दाताचा च नव्हता. एकच च होता, जिभेचा मागचा भाग टाळूला चिकटवून सोडलेला. ओलसर.

मेंदूला इजा झाल्यावर बोलण्याची ढब बदलते, माणूस परक्यासारखा बोलू लागतो, हे मी वाचले होते. ते कारण पुरेसे होते. वाचा-उपचाराच्या बाईंनाही पुरेसे वाटले. "ढब काय घेऊन बसलात?" त्या आनंदाने म्हणाल्या. "मी इतकी झपाट्यानं सुधारणा पाहिली नाही. आता आधी प आणि ब घ्या. ओठांची सोपी व्यंजनं, तान्ही मुलं सगळ्यात आधी तीच बोलतात. ती कशी राहिली, आश्चर्यच आहे."

मला आश्चर्य वाटले नाही. प पंख्यात कधी नव्हताच. त, क आणि नही नव्हते.

आई आता दिवसभर बोले. "आज ये." "ज्याडे, मज्या." "मिरची, श्श." पाच आवाजांचे जेवढे शब्द होऊ शकतात तेवढेच ती पुन्हापुन्हा, नव्या क्रमाने, रसाने बोले, आणि मावशी त्यांतून हवा तो अर्थ काढून खूश होई. पाणी हवे असले की आई मावशीला पाणी म्हणत नसे. नुसते पेल्याकडे पाही. तिचे डोळे मात्र त्या वेळी तिच्या शब्दांबरोबर नसत. तोंड "मज्या, मज्या" म्हणत असे, आणि डोळे माझ्यावर खिळलेले असत.

मी पेला तिच्यासमोर धरला. "आई, पाणी म्हण. प. म म्हणताना ओठ मिटतेस ना, तसेच मिट, आणि एकदम सोड. आधी म म्हण."

मी तिच्या तोंडाच्या अगदी जवळ वाकले होते.

"म," ती म्हणाली. "मम्म. मिरची. मज्या."

ओठ मिटले नव्हते.

७

ओठ न मिटता म उच्चारता येत नाही. हे मत नाही, व्याख्या आहे. मी स्वतः करून पाहिले, आरशासमोर उभी राहून, कितीतरी वेळ. ओठ उघडे ठेवले की न होतो, नाहीतर नुसते गुणगुणणे होते. म होत नाही.

माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा होता असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. मनात एकच गजर चालू होता: पुन्हा पाहा, पुन्हा पाहा. मी हाताचा आरसा आणला. कागदाची पातळ पट्टी आईच्या ओठांमध्ये अलगद धरली.

"म म्हण, आई."

"मी. मज्या. ज्याडे, मी."

पट्टी हलली नाही. कुणी तिला दाबले नाही, सोडले नाही. ओठ थोडेसे विलग, उजवीकडून ओघळलेले, आणि त्यांच्या मधून एकामागून एक स्वच्छ, ठसठशीत म येत होते.

"मावशी, इकडे ये. हिचे ओठ बघ."

"ओठ काय बघायचेत? शब्द ऐक की!" मावशीने पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "आई बोलतेय तर तिच्या तोंडात कागद घालतेस? शोभतं का तुला?"

मी मागे सरले. खोली कमालीची शांत होती. मी वर पाहिले. पंखा पूर्ण वेगात फिरत होता. माझ्या चेहऱ्यावर वारा लागत होता, मशीनवर घातलेल्या कापडाची कडा फडफडत होती. कापड फडफडल्याचा आवाज येत होता. पंख्याचा येत नव्हता. पात्यांनी हवा कापल्याचा साधा सूं देखील नाही. मी स्टुलावर चढून कान वर नेला. जणू काचेपलीकडे काहीतरी फिरत होते.

खाली आई म्हणाली, "ये, ये. ज्याडे. आराम."

८

भर दुपारी वीज गेली.

आई त्या वेळी बोलत होती. मी खाटेच्या कडेवर बसले होते, मावशी मशीनपाशी कापडाच्या घड्या करत होती. "मिरची, आज मज्या," आई म्हणत होती, "आज आरा…" आणि तिचा आवाज खाली घसरू लागला. शब्द लांबत गेला, जाडा होत गेला, घोगरा होत गेला. "राऽऽआऽऽ…" डोक्यावर पाती मंदावत होती. ती वेगळी दिसू लागली, मग मोजता येऊ लागली, मग थांबली. आईही थांबली, शब्दाच्या मध्यात.

मावशीच्या हातातली घडी तशीच राहिली.

मग आईचा चेहरा बदलला. म्हणजे तो परत आला. याहून नेमके मला सांगता येत नाही. कपाळावर आठी पडली. जबडा थरथरला. दोन्ही ओठ, धडधाकट डावा आणि ओघळलेला उजवा, हळूहळू, एकमेकांना शोधत जवळ आले. मानेच्या शिरा ताठ झाल्या. ते मिटले. दाबले गेले. आणि सुटले.

"प्."

अगदी दुबळा, थुंकीने भिजलेला, वेडावाकडा. माझ्या आयुष्यात मी इतका सुंदर ध्वनी ऐकलेला नाही.

"आई! पुन्हा! आई, पुन्हा म्हण!"

तिने पुन्हा ओठ मिटले. सगळे अंग त्यात ओतले. "पु," ती म्हणाली, आणि माझ्या मनगटावर तिची बोटे रुतली. "पु… ए." र तिला जमत नव्हता. र तिचा नव्हता. पण शब्द मला कळला.

पुरे.

वर काहीतरी हलले. दिवा लागला. पाती सरकली. आईने ओठ घट्ट मिटून घेतले, डोळेही मिटले, माझे मनगट अधिक जोरात धरले. पाती वेगळी दिसेनाशी झाली, आणि तिचे मिटलेले ओठ, कुणी पडदा सारावा तसे, बाजूला सारले गेले.

"…राम," ती म्हणाली. "ज्याडे! मज्या!"

९

मी उठले आणि बटणाकडे निघाले. मावशी मध्ये आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती दारासारखी उभी राहिली.

"हात लावू नकोस."

"मावशी, तू आत्ता पाहिलंस."

"मी काही पाहिलं नाही. वीज गेली, ती दमली. बस."

"तिनं पुरे म्हटलं."

"कण्हली ती! आणि तू त्यावर तिचं बोलणं बंद करणार? अगं, ती मला मिरची म्हणतेय. माझी ताई मला हाक मारतेय. तू तिला पुन्हा आ म्हणत भिंतीकडे बघायला लावणार? कशासाठी? च नीट येत नाही म्हणून?"

तिचे म्हणणे निर्बुद्ध नव्हते. बटण दाबले की काय जाणार होते ते मला स्वच्छ दिसत होते: हाका, थट्टा, माझे नाव, आणि माझी सगळी शोधाची झिंग. मिळणार होता एक भिजका प, तोही कदाचित. वाचा-उपचाराच्या बाईंचे ते सुरुवातीचे महिने संपत आले होते.

मी मावशीला बाजूला केले. ती हलकी होती.

"ज्याडे," खाटेवरून आवाज आला. तो कधी नव्हे इतका गोड होता. "ज्याडे, मी आई."

बोट बटणावर थांबले.

"मी आई. ज्याडे, मी आई. मी आई. मी आई."

मी वळून पाहिले. ते तोंड अर्धवट उघडे होते आणि स्थिर होते. आतली जीभसुद्धा हलत नव्हती. त्यावरचे दोन डोळे मात्र ओले होते, माझ्याकडे पाहत होते, आणि ती मान, जेवढी हलू शकत होती तेवढी, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलत होती.

मी बटण दाबले. पाती थांबेपर्यंत तो आवाज खाली खाली जात राहिला, "मीऽऽ आऽऽ", आणि मग कापडाची कडा पडून राहिली. मी स्टुलावर चढले आणि दांड्यापाशी तारा खेचून तोडल्या.

मावशी तोंडावर हात ठेवून बाहेर निघून गेली.

खोलीत उकाडा दाटला. मी खाटेशी गुडघे टेकून बसले. आई धापा टाकत होती, घामाने चिंब होती, आणि ती हसत होती, एका बाजूने, तिचे स्वतःचे, वाकडे हसू. तिने ओठ मिटले. "प," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा बळकट. "प!"

"बोल, आई. हवं तेवढं बोल. सगळी अक्षरं नव्यानं शिकू. घाई नाही."

ती माझे तोंड निरखत होती, शिकवणीच्या दुपारी निरखायची तशीच. मग तिने डावा हात उचलला आणि बोटे माझ्या ओठांवर टेकवली. वाचा-उपचारात असे करतात. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याचे ओठ स्पर्शाने वाचायचे. मला वाटले, तिला आता म हवा आहे, तिचा स्वतःचा. मला इतका आनंद झाला की मी आणखी जवळ सरकले.

"मी आहे, आई," मी हळू, नीट, एकेक अक्षर सुटे करून म्हणाले. "मी. म."

माझे ओठ मिटले होते. मला ते जाणवले. निदान, न मिटल्याचे जाणवले नाही. उघड्या ओठांनी म उच्चारता येत नाही, आणि तो म स्वच्छ होता, ठसठशीत होता.

पण आईच्या चेहऱ्यावरचे हसू तिथल्या तिथे विझले. तिची बोटे माझ्या ओठांवर क्षणभर चाचपडत राहिली, जे सापडायला हवे होते ते शोधत. मग तिने हात झटकन मागे ओढला, छातीशी धरला, आणि माझ्यापासून जेवढे दूर सरता येईल तेवढी भिंतीकडे सरली.